जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कवर चरबी लावली आणि झोन वाढला, याचा अर्थ काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. गावाकडे जखमेवर, भाजल्यावर, टाचांच्या भेगांवर लावतात त्यातली तीन द्रव्यं घेतली आहेत: कोंबडीची चरबी, बोकडाची चरबी आणि शतधौत घृत (शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप). वेल डिफ्यूजनमध्ये (जिवाणू पसरलेल्या आगरमधल्या खळग्यात, म्हणजे विहिरीत, द्रव्य भरून) एकाचाही झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, आला नाही. मग जेंटामायसिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कवर वितळलेली कोंबडीची चरबी लावून पाहिली, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या एटीसीसी २५९२३ या प्रमाणित स्ट्रेनचा झोन २१ मिमीवरून २५ मिमी झाला. ही सिनर्जी (दोघांचा मिळून वाढलेला परिणाम) म्हणायची का, पुढे चेकरबोर्ड (दोन्हींच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या जोड्या एकाच प्लेटवर तपासणं) कसा लावायचा, आणि एक जण घोरपडीचं तेल आणून देतो म्हणतोय ते घ्यायचं का? हातात साधारण तीन महिने आहेत.

आधी झोनचं बोलू. या स्ट्रेनवर जेंटामायसिनच्या डिस्कचा मान्य क्वालिटी कंट्रोल पल्ला १९ ते २७ मिमी आहे. तुमचे २१ आणि २५ दोन्ही त्याच पल्ल्यात बसतात. म्हणजे चरबी न लावता वेगवेगळ्या दिवशी प्लेट लावल्या असत्या तरी एवढा फरक दिसू शकला असता. शिवाय वितळलेली चरबी लावलेली डिस्क आगरला नेहमीसारखी चिकटत नाही, आगरची जाडी ४ मिमीपेक्षा कमी-जास्त असेल तर झोन हलतो, आणि चरबीचा पातळ थर आगरवर पसरला तर त्याखाली वाढ विरळ दिसते व झोनची कडा भलतीकडेच वाचली जाते. त्यामुळे याला सिनर्जी म्हणता येत नाही. आणि वेल डिफ्यूजनमध्ये झोन आला नाही म्हणून चरबी निष्क्रिय आहे, असंही म्हणता येत नाही. चरबी म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आगरमधून पसरत नाही, विहिरीतच बसून राहतं. ही पद्धत चरबीसाठी नाहीच. ती सोडून द्या.

खरा प्रश्न वेगळा आहे. चरबीसोबत अँटिबायोटिकचा परिणाम बदलला, तर तो बदल चरबीने जिवाणूवर काही केल्यामुळे झाला, की चरबीने माध्यमात किंवा औषधाच्या उपलब्धतेत काही केल्यामुळे? या प्रकारच्या कामात बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. ब्राझीलच्या ईशान्य भागात तेजू नावाच्या मोठ्या सरड्याची चरबी लोकवैद्यकात वापरतात. तिच्यावर अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिनच्या गटातल्या) औषधांसोबत असे प्रयोग झाले आहेत. चरबीचा स्वतःचा परिणाम जवळपास नाही, पण औषधाचा एमआयसी (वाढ थांबवणारं किमान प्रमाण) मात्र खाली येतो, असं चित्र या विषयात वारंवार दिसतं. ते खरंही असू शकतं. पण ते खरं आहे असं म्हणण्याआधी काय काय वगळावं लागतं, ते पुढे सांगतो.

चरबीत जिवाणूविरोधी असं काय असतं? ट्रायग्लिसराइड स्वतः फारसं काही करत नाही. काम करतात ती त्यातून सुटलेली मुक्त मेदाम्लं, म्हणजे फ्री फॅटी अ‍ॅसिड. संपृक्त आम्लांमध्ये ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर लॉरिक सर्वांत प्रभावी. असंपृक्तांमध्ये पामिटोलेइक, ओलेइक, लिनोलेइक. ती पेशीपटलात घुसतात आणि ते गळकं करतात. ग्राम-निगेटिव्हच्या बाहेरच्या आवरणातला लायपोपॉलिसॅकराइडचा थर त्यांना बराच अडवतो, म्हणून स्युडोमोनास किंवा ई. कोलायवर थेट परिणामाची अपेक्षा कमीच ठेवा. कोंबडीच्या चरबीत ओलेइक साधारण ४० टक्के, लिनोलेइक २० टक्क्यांच्या आसपास आणि पामिटोलेइक ५ ते ६ टक्के असतं, पण हे सगळं ट्रायग्लिसराइडमध्ये बांधलेलं. त्यातलं सुटं किती, हे चरबी किती ताजी, कशी वितळवली, कशी ठेवली यावर ठरतं. म्हणून ‘कोंबडीची चरबी’ एवढंच लिहिलं तर नमुना सांगितला असं होत नाही. आम्लांक (मुक्त मेदाम्लं किती ते सांगणारा आकडा) आणि पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाचं माप) सांगितलं तर होतं.

हे दोन्ही आकडे कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात निघतात. मुक्त मेदाम्लांसाठी ५ ते १० ग्रॅम चरबी उदासीन केलेल्या गरम इथेनॉलमध्ये घ्या, फिनॉल्फथॅलिन टाका आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. लागलेले मिली गुणिले नॉर्मॅलिटी गुणिले २८.२, भागिले चरबीचे ग्रॅम: हे झालं ओलेइक धरून टक्क्यांत मुक्त मेदाम्ल. पेरॉक्साइड मूल्य आयोडोमेट्रीने काढा. खवट चरबीतली पेरॉक्साइडं आणि त्यांच्यापासून तयार झालेली अल्डिहाइडं जिवाणूंना मारतात. त्यामुळे जुन्या बाटलीतली चरबी ताज्या चरबीपेक्षा ‘गुणकारी’ दिसू शकते. ताज्या चरबीचं पेरॉक्साइड मूल्य किलोला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असायला हवं. ते वर गेलं तर तो नमुना बाद, किंवा मग त्याला वेगळा नमुना म्हणून चालवा. परंपरेत चरबी वर्षभर बरणीत ठेवून वापरत असतील, तर खवटपणा हा त्या उपायाचाच भाग आहे आणि तोही अभ्यासण्यासारखा आहे. फक्त ताजी आणि जुनी एकाच खात्यात टाकू नका.

चरबी काढताना बारीक तुकडे करून वॉटर बाथवर ६५ ते ७० अंशांत वितळवा, मलमलच्या कापडातून गाळा, निर्जल सोडियम सल्फेटने ओलावा काढा आणि गडद काचेच्या लहान बाटल्यांत काठोकाठ भरून उणे २० अंशांत ठेवा. एक बाटली एका दिवसासाठी. पुन्हा पुन्हा वितळवलेली बाटली वापरू नका. गावात थेट चुलीवर तळतळेपर्यंत वितळवत असतील तर तसाही एक नमुना घ्या, कारण तापमानाने रचना बदलते. हेक्झेनने सॉक्सलेट काढायची गरज नाही. काढलंच, तर हेक्झेन पूर्ण उडाल्याची खात्री आणि रिकाम्या सॉक्सलेटचा कंट्रोल हवा.

तीन द्रव्यांपैकी बोकडाची चरबी मी वगळेन. ३५ अंशांना ती गोठलेलीच राहते, इमल्शनचे (पाण्यात मिसळलेल्या बारीक थेंबांचे) कण बनतात आणि आकडे कुठेच स्थिर होत नाहीत. तीन महिन्यांत तिच्याशी झगडण्यात हशील नाही.

शतधौत घृत मात्र ठेवा, पण त्याचे दोन सापळे ओळखून. पहिला, शंभर वेळा पाण्याने धुतल्यावर ते पाणी धरून ठेवतं. म्हणून वजन करताना १०५ अंशांवर सुकवून मेदाचं प्रमाण काढा, नाहीतर ‘१ टक्का घृत’ म्हणजे नक्की किती, ते तुम्हालाच कळणार नाही. दुसरा सापळा तांब्याचा. पारंपरिक रीतीने ते तांब्याच्या भांड्यात घोटतात. तांबं स्वतः जिवाणूनाशक आहे आणि मेदाचं ऑक्सिडेशनही वाढवतं. म्हणून एकाच डब्यातल्या तुपाचे तीन भाग करा: न धुतलेलं, तांब्यात धुतलेलं आणि स्टीलच्या भांड्यात तितक्याच वेळा, त्याच पाण्याने धुतलेलं. परिणाम फक्त तांब्याच्या नमुन्यात आला, तर जवळच्या एखाद्या प्रयोगशाळेत अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर तांब्याचं प्रमाण मोजून घ्या. एवढा एक धागा नीट सुटला तरी तुमच्या प्रबंधात नवीन काही असेल.

निर्जंतुकीकरणाची अडचण सगळ्यांनाच येते. ऑटोक्लेव्हची वाफ तेलात शिरत नाही, त्यामुळे बीजाणू वाचतात. १६० अंशांची कोरडी उष्णता दोन तास दिली तर बीजाणू मरतात, पण चरबीचं ऑक्सिडेशन होतं. नेहमीचा पाणीस्नेही ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर चरबीने बुजतो. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे ४५ ते ५० अंशांना पातळ केलेली चरबी पाणीरोधी पीटीएफई फिल्टरमधून सिरिंजने गाळणं. कोंबडीच्या चरबीला आणि तुपाला हे जमतं. शतधौत घृताला त्यातल्या पाण्यामुळे जमत नाही. ते निर्जंतुक भांड्यात, निर्जंतुक पाण्याने, लॅमिनार फ्लोमध्येच तयार करावं लागतं. प्रत्येक प्लेटवर जिवाणू न घातलेल्या, फक्त चरबी आणि ब्रॉथ (जिवाणू वाढवायचा द्रव) असलेल्या विहिरी हव्यातच.

आता इमल्शन. पुष्कळ जण चरबी डीएमएसओ या द्रावकात ‘विरघळवतात’. ट्रायग्लिसराइड डीएमएसओमध्ये नीट विरघळत नाही. ब्रॉथमध्ये टाकलं की रश्श्यावर तर्री यावी तशी चरबी वर येते आणि जिवाणू खाली निवांत वाढतात. त्यापेक्षा ४ ग्रॅम वितळलेल्या चरबीत ०.४ ग्रॅम ट्वीन ८० (इमल्शन टिकवणारं द्रव्य) मिसळा आणि ४५ अंशांचं निर्जंतुक ब्रॉथ थोडं थोडं घालत १०० मिलीपर्यंत न्या. प्रोब सोनिकेटर १० सेकंद चालू, १० सेकंद बंद असा एकूण पाच मिनिटं द्या. तापमान ५० च्या वर जाऊ देऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबांचा आकार बघा, फोटो काढा. मग काहीही न घालता ३५ अंशांवर २४ तास ठेवा. वर साय जमली तर ते इमल्शन चेकरबोर्डसाठी निकामी आहे. सोनिकेशननेही ऑक्सिडेशन होतं, म्हणून त्याच्या आधी आणि नंतरही पेरॉक्साइड मूल्य काढा.

ट्वीन ८० निरुपद्रवी आहे असं धरून चालू नका. पॉलिमिक्सिन गटातल्या औषधांचा एमआयसी त्याच्या अगदी थोड्या प्रमाणानेही खाली येतो, आणि निर्जंतुकांचा परिणाम मारण्यासाठी न्यूट्रलायझर म्हणूनही तेच वापरतात. शिवाय ते ओलेइक आम्लाचंच एस्टर आहे. जिवाणूच्या लायपेज-एस्टरेजने तुटलं की ओलेइक सुटतं. यावर उपाय असा: इमल्शन पातळ करायचं ते साध्या ब्रॉथने नाही, तर ०.४ टक्के ट्वीन असलेल्या ब्रॉथने. म्हणजे शेवटी प्रत्येक विहिरीत, फक्त अँटिबायोटिकच्या ओळीतसुद्धा, ट्वीन सारखंच ०.१ टक्का राहील. आधी ट्वीनसह आणि ट्वीनशिवाय जेंटामायसिनचा एमआयसी काढून फरक बघा. जास्त फरक आला तर ट्वीन सोडा आणि ०.१५ टक्के आगर घालून ब्रॉथ किंचित घट्ट करा. सुगंधी तेलांच्या चाचणीत ही युक्ती वापरात आहे. चरबीला ती ट्वीनइतकी नीट धरत नाही, पण चालते.

आता चेकरबोर्ड. माध्यम कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ, म्हणजे लिटरला कॅल्शियम २० ते २५ आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम. एमआयसीसाठी स्टॅफचा स्ट्रेन एटीसीसी २९२१३ घ्या, २५९२३ हा डिस्कसाठी आहे. सोबत स्युडोमोनास एटीसीसी २७८५३. पुण्यात एनसीएलच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहांत समतुल्य स्ट्रेन कोणते आहेत ते त्यांच्या यादीत बघा. जेंटामायसिन इंजेक्शनच्या कुपीतून घेऊ नका, त्यात परिरक्षकं असतात. पोटेन्सी लिहिलेली शुद्ध पावडर घ्या आणि वजन पोटेन्सीने भागून काढा.

९६ विहिरींच्या प्लेटमध्ये प्रत्येक विहिरीत २५ मायक्रोलिटर अँटिबायोटिक चौपट तीव्रतेचं, २५ मायक्रोलिटर इमल्शन चौपट तीव्रतेचं आणि ५० मायक्रोलिटर जिवाणू, मिलीला १० लाख असे. म्हणजे शेवटी मिलीला ५ लाख जिवाणू, आणि ४ टक्क्यांच्या इमल्शनमधून चरबी जास्तीत जास्त १ टक्का. जेंटामायसिन आडवं दुपटी-दुपटीने कमी करत न्या, चरबी उभी. एक ओळ फक्त औषधाची, एक स्तंभ फक्त चरबीचा, वाढीच्या आणि निर्जंतुकतेच्या विहिरी वेगळ्या. इमल्शन घेताना प्रत्येक वेळी नळी हलवा आणि रुंद तोंडाचं टिप वापरा. ३५ अंशांवर १६ ते २० तास. एकट्या जेंटामायसिनचा एमआयसी स्टॅफ २९२१३ वर ०.१२ ते १ आणि स्युडोमोनास २७८५३ वर ०.५ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिली आला नाही, तर त्या दिवसाची प्लेट टाकून द्या.

इमल्शन दुधाळ असतं, त्यामुळे गढूळपणा डोळ्यांनी वाचता येत नाही. ०.०१५ टक्के रेझाझुरिन (जिवंत जिवाणूंमुळे रंग बदलणारं द्रव्य) २० मायक्रोलिटर घाला आणि निळ्याचं गुलाबी होतंय का ते एक ते चार तास बघा. इथे दोन ठिकाणी फसगत होते. चरबीतली क्षपणकारी द्रव्यं जिवाणूंशिवायही रंग बदलवू शकतात, म्हणून निर्जंतुकतेच्या विहिरीतही रेझाझुरिन घाला. आणि स्युडोमोनास रंग गुलाबीच्या पुढे नेऊन बिनरंगी करतो. पांढरट इमल्शनमध्ये ती विहीर ‘निळी नाही, गुलाबी नाही’ अशी दिसते आणि नोंदणारा गोंधळतो. म्हणून सीमेवरच्या विहिरींतून १० मायक्रोलिटर साध्या आगरवर ठेवून वाढ बघाच. निर्णय त्या आगरवर, रंगावर नाही.

हिशेबाचं एक उदाहरण घेऊ. जेंटामायसिन एकट्याचा एमआयसी ०.५, चरबीसोबत ०.१२५. चरबीचा एकटीचा एमआयसी १ टक्क्यापर्यंत आलाच नाही, तर संकेत म्हणून पुढची दुप्पट म्हणजे २ टक्के धरा. ही घट ०.२५ टक्के चरबीसोबत आली असेल तर एफआयसी निर्देशांक (प्रत्येकाचं मिश्रणातलं प्रमाण भागिले एकट्याचा एमआयसी, यांची बेरीज) होतो ०.२५ अधिक ०.१२५, म्हणजे ०.३७५. ०.५ किंवा त्याखाली सिनर्जी, ४ च्या वर विरोध, मधलं सगळं ‘परस्परक्रिया नाही’. आता याच प्लेटमध्ये जेंटामायसिन ०.१२५ ऐवजी ०.२५ ला वाचलं गेलं असतं, तर निर्देशांक ०.६२५ आणि निष्कर्ष उलटा. एमआयसीची चाचणीच एका दुपटीने इकडे-तिकडे होते. म्हणून ‘एमआयसी निम्मा झाला’ याला काही अर्थ नाही. किमान चौपट घट, ती तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या इमल्शनवर आली तरच लिहा. आणि चरबीचा एमआयसी गृहीत धरलेला असेल तर निर्देशांकाच्या शेजारी तसं स्पष्ट लिहा. अशा वेळी ‘ठरावीक चरबीसोबत औषधाचा एमआयसी इतक्या पटीने बदलला’ हे सांगणं अधिक प्रामाणिक ठरतं.

आता ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं त्याबद्दल: कॅल्शियम. मुक्त मेदाम्लं कॅल्शियम-मॅग्नेशियमसोबत अविद्राव्य साबण करतात. १ टक्का चरबी म्हणजे लिटरला १० ग्रॅम. त्यात मुक्त मेदाम्ल २ टक्के असेल तर ०.२ ग्रॅम, म्हणजे ओलेइक धरून साधारण ०.७ मिलिमोल. दोन ओलेइकला एक कॅल्शियम या हिशेबाने ते ०.३५ मिलिमोल कॅल्शियम अडकवू शकतं. ब्रॉथमध्ये कॅल्शियम असतं सुमारे ०.५६ मिलिमोल. म्हणजे निम्म्याहून अधिक कॅल्शियम जाऊ शकतं. आणि अमिनोग्लायकोसाइडचा स्युडोमोनासवरचा एमआयसी कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी झालं की खाली येतो. ब्रॉथमध्ये ही प्रमाणं ठरवून दिली आहेत ती त्याचसाठी. तेव्हा चरबीने जिवाणूला हातही न लावता तुमच्या प्लेटवर सुंदर सिनर्जी दिसेल.

हे ओळखायचं कसं? एक खूण आकृतिबंधातच असते. मेदाम्लांचा खरा परिणाम स्टॅफवर जास्त आणि स्युडोमोनासवर कमी असायला हवा. उलट चित्र आलं, म्हणजे फक्त स्युडोमोनासवर आणि फक्त जेंटामायसिन-अमिकासिनसोबत सिनर्जी आली, तर कॅल्शियमचा संशय घ्या. मग त्याच ब्रॉथमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढवून चरबीसह आणि चरबीशिवाय दोन्ही एमआयसी काढा. सिनर्जी नाहीशी झाली तर संशय बळावतो, पण सिद्ध होत नाही, कारण जास्तीचं कॅल्शियम मेदाम्लांनाच निकामी करतं. म्हणून उलटा प्रयोगही हवा: चरबी न घालता, मुद्दाम कमी कॅल्शियमच्या ब्रॉथमध्ये जेंटामायसिनचा एमआयसी. तो चरबीसोबतच्या एमआयसीइतकाच खाली आला, तर उत्तर मिळालं. पीएचही बघा. इमल्शन घातल्यावर तो ७.२ ते ७.४ च्या खाली गेला तर अमिनोग्लायकोसाइड दुबळी होतात आणि खरी सिनर्जी झाकली जाते.

औषध बदललं की सापळा बदलतो. जेंटामायसिन पाण्यात राहतं, धनभारित असतं, आणि ऋणभारित मेदाम्लांशी जोडी जमवून स्वतःच अडकू शकतं. रिफाम्पिसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखी मेदस्नेही औषधं तेलाच्या थेंबांत शिरतात. पाण्यातलं प्रमाण घटतं आणि नसलेला विरोध दिसतो. म्हणून दोन कंट्रोल कायम ठेवा. एक, तसंच इमल्शन केलेलं लिक्विड पॅराफिन, ज्यात मेदाम्लं नसतात. यातही एमआयसी बदलला तर तो तेलाच्या थेंबांचा भौतिक परिणाम आहे. दुसरा, तीच कोंबडीची चरबी हेक्झेनमध्ये विरघळवून अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभातून काढलेली, म्हणजे मुक्त मेदाम्लं काढून टाकलेली. हेक्झेन उडवून तिचं टायट्रेशन पुन्हा करा. परिणाम या चरबीत गेला आणि तेवढंच ओलेइक परत घातल्यावर आला, तर कर्ता सापडला.

चेकरबोर्डवर काही टिकलं तरच टाइम-किल (ठरावीक तासांनी जिवंत जिवाणू मोजणं) करा. १० मिली, मिलीला ५ ते १० लाख जिवाणू, मिनिटाला १२० ते १५० फेऱ्यांच्या शेकरवर, कारण स्थिर ठेवलं तर चरबी वर येते. ०, ४, ८ आणि २४ तासांना नमुने. २४ तासांना मिश्रणाने एकट्या प्रभावी औषधापेक्षा किमान १०० पट अधिक घट दाखवली तर सिनर्जी. नमुन्याच्या थेंबासोबत चरबी आणि औषध दोन्ही प्लेटवर जातात आणि वाढ दाबतात, म्हणून किमान दहापट-शंभरपट पातळ करूनच पसरवा. मोजके जिवाणू मुद्दाम घालून ते प्लेटवर तितकेच उगवतात का, तेही तपासा.

एक प्रयोग मी तुम्हाला आग्रहाने सुचवेन: ब्रॉथमध्ये अल्ब्युमिन किंवा सीरम घालून सगळं पुन्हा एकदा. जखमेतल्या स्रावात अल्ब्युमिन असतं आणि ते मेदाम्लांना घट्ट धरून ठेवतं. क्षयाच्या जिवाणूच्या माध्यमात ओलेइकसोबत अल्ब्युमिन घालतात ते यासाठीच, नाहीतर मोकळं ओलेइक त्या जिवाणूलाच मारक ठरतं. तुमची सिनर्जी अल्ब्युमिनसमोर टिकली नाही, तर ती जखमेत टिकेल असं लिहिता येणार नाही.

आणि जे जखमेवर लावतात त्यांच्याशी बोलताना हा प्रयोग ‘चरबी लावा’ असा निरोप होऊन पोहोचणार नाही, याची काळजी घ्या. पाकिस्तानात बाळाच्या नाळेवर तूप लावण्याच्या रिवाजाचा संबंध नवजात धनुर्वाताशी आढळला आहे. उघड्या जखमेवर, खोल भाजल्यावर अनिर्जंतुक चरबी हा धोका आहे, मग प्रयोगशाळेत एफआयसी काहीही येवो.

घोरपडीचं तेल घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपड परिशिष्ट १ मध्ये आहे. तिची चरबी बाळगणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. ‘संशोधनासाठी’ म्हटल्याने सुटका होत नाही, वनविभागाची रीतसर परवानगी लागते. मोराची चरबी आणि सांडा तेल यांचंही तसंच. त्यातून बाटलीत नेमकं काय आहे हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही, म्हणजे नमुना शास्त्रीय दृष्ट्याही निरुपयोगी. कोंबडीची चरबी परवानाधारक दुकानातून, एकाच दिवशी कापलेल्या अनेक पक्ष्यांची एकत्र करून घ्या आणि दुकान, तारीख, पक्ष्यांचा प्रकार नोंदवा. प्रयोगासाठी प्राणी मारला जात नसल्याने बहुतेक संस्थांत प्राणी-नैतिकता समितीची पूर्ण मंजुरी लागत नाही, पण हे संस्थेवर अवलंबून आहे. त्यांच्याकडून तसं लेखी घ्या.

तीन महिन्यांचं म्हणाल तर पहिला महिना फक्त आम्लांक, पेरॉक्साइड, इमल्शनची स्थिरता आणि ट्वीनचा कंट्रोल यांना द्या. जेंटामायसिन आणि दोन स्ट्रेनवर चेकरबोर्ड दुसऱ्या महिन्यात. तिसऱ्यात कॅल्शियमचे दोन्ही प्रयोग आणि अल्ब्युमिन. टाइम-किल वेळ उरला तर. पहिल्या आठवड्यात मुक्त मेदाम्लाचा आकडा आला की इथे लिहा. तो ०.५ टक्क्याखाली असेल तर चरबीचा पल्ला १ टक्क्यावरून २ टक्क्यांपर्यंत वाढवावा लागेल, आणि मग इमल्शनची कृतीही थोडी बदलेल.